चर्चच्या मुलांच्या कॉयरविषयी (गायकवृंदाविषयी) फाब्रिकाला (चर्चच्या कारभार समितीला) आणि गावकऱ्यांना खुले पत्र

आदरणीय फादर विगार, फाब्रिकाचे आणि कॉन्फ्रारियांचे (चर्चच्या धर्ममंडळांचे) सन्माननीय सदस्य, आणि ज्यांची मुले आज सात-आठ वर्षांची आहेत असे गावातील सर्व आईबाप,

सप्रेम नमस्कार.

आपल्या चर्चच्या मेस्त्रेंनी, म्हणजे संगीतगुरूंनी, वयोमानामुळे काम थांबवले. त्यानंतरच्या बैठकीत त्यांची जागा न भरण्याचा, मुलांचा संगीतवर्ग बंद करण्याचा, वर्गाची खोली भाड्याने देण्याचा आणि रविवारच्या मिस्साला (मुख्य उपासनेला) की-बोर्ड व ध्वनिमुद्रित साथीवर भागवण्याचा निर्णय आपण घेतलात. निर्णय घेणारी बहुतेक माणसे माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. छपराची दुरुस्ती, दफनभूमीची पडलेली भिंत, वाढलेले वीजबिल हे खर्च खरे आहेत, हेही मला मान्य आहे. तरीही हा निर्णय गप्प राहून स्वीकारणे मला शक्य नाही, आणि ज्या मुलांचे यात नुकसान होणार आहे त्यांच्या घरांपर्यंत ही गोष्ट पोहोचावी म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे.

माझा यात काय संबंध, असे कुणी विचारील, म्हणून तेही सांगतो. मी हिंदू आहे. माझे घर देवळाच्या वाड्यावर; वडील भजनाला पेटी वाजवत. चर्चच्या संगीतवर्गात मला त्यांनीच नेऊन बसवले. तेव्हाच्या मेस्त्रेंनी माझा धर्म विचारला नाही; व्हायोलिनवर एक स्वर वाजवून तो मला गायला लावला, मग त्याच्यावरचा, मग खालचा, आणि उद्यापासून ये म्हणाले. कितीतरी दिवस त्यांनी मला वाद्याला हात लावू दिला नाही. आधी सोल्फेज: एका हाताने ताल मोजायचा आणि कागदावरचा प्रत्येक स्वर त्याच्या नावानिशी, त्याच्या नेमक्या लांबीसह गायचा. मोठी मुले खालचा आवाज धरत, आम्ही लहान मुले वरचा. आपला आवाज सोडायचा नाही आणि शेजारच्याचा ऐकणे थांबवायचे नाही, ही शिस्त ज्या वयात अंगी बाणते त्या वयात ती मला मिळाली. मिस्साच्या गाण्यात मी नव्हतो, पण लदाइन्यांना (सामूहिक प्रार्थनांना) आणि फेस्ताच्या (चर्चच्या वार्षिक सणाच्या) वाद्यमेळात मला जागा असे. पुढे मुंबईत चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन वाजवून मी संसार केला, आणि स्टुडिओत समोर ठेवलेला कागद पहिल्या वाचनातच बिनचूक वाजवावा लागे तेव्हा जे कामी आले ते सगळे या चर्चच्या त्या खोलीतले होते.

या परंपरेचा इतिहास गोडगोड नाही, आणि तो तसा सांगण्याची माझी इच्छाही नाही. 1545 च्या सुमारास गोव्याचे तेव्हाचे व्हिकार जनरल (बिशपचे मुख्य प्रतिनिधी) मिगेल वाझ यांच्या पुढाकाराने चर्चना जोडून शाळा काढायला सुरुवात झाली, ती धर्मप्रसारासाठी. मुलांना प्रार्थना पाठ व्हाव्यात, मिस्साला गायक मिळावेत, हा उद्देश होता. ज्या सत्तेने इथल्या मुलांना लॅटिन गायला शिकवले, तिच्याच इन्क्विझिशनने (धर्मन्यायालयाने) 1736 च्या फर्मानाने लग्नघरांतल्या ओव्यांवरही बंदी घातली. माझ्या पूर्वजांनी त्या काळात काय सोसले याची आठवण आमच्या घरात आहे. पण गोव्यातल्या याच आपल्या सासष्टी तालुक्यात, राशोलच्या छापखान्यात, 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा तो ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती कुटुंबांत आणि चर्चमध्ये मोठ्याने वाचला आणि गायला गेला. परकी चाल आणि इथला कंठ यांची गाठ अशी पडत गेली. मुलांनी जे शिकले ते त्यांनी घरी नेले, दुसरा आवाज आपल्या कोंकणी गीतांना लावला, मांडो हा गीतप्रकार रचला, वाड्यावरच्या खुरसापुढच्या (क्रुसापुढच्या) लदाइन्यात व्हायोलिन आणले. देणाऱ्याचा हेतू काहीही असो, घेणाऱ्यांनी त्याचे स्वतःचे संगीत केले, आणि म्हणून आज ते राखण्याची जबाबदारी आपली आहे.

हे किती काळ टिकले, याचाही विचार व्हावा. 1759 मध्ये जेझुइट धर्मसंघाच्या पाद्र्यांना हाकलले गेले. 1835 मध्ये गोव्यातले उरलेले पुरुष धर्मसंघही बरखास्त झाले आणि मठ ओस पडले. 1910 नंतर पोर्तुगालच्या प्रजासत्ताकाने चर्च आणि राज्य वेगळे केले. 1961 मध्ये पोर्तुगीज राजवटच संपली. यातल्या प्रत्येक वेळी संगीतवर्ग बंद पडण्याला पुरेसे कारण होते, आणि तरी गावोगावी मेस्त्रे संध्याकाळी मुलांना गोळा करत राहिले, कारण गावाला आपला कॉयर हवा होता आणि गाव त्यासाठी पैसे मोजत होता. चार राजकीय उलथापालथींतून जे वाचले ते आता आपल्या एका बैठकीतल्या ठरावाने संपावे, हे मला पटत नाही.

या खोल्यांतून बाहेर पडलेल्या मुलांनी पुढे काय केले, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको, कारण ते त्यांनी आयुष्यभर रेडिओवर ऐकले आहे. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चचे गायनगुरू होते. मुलाची तालीम घरी आणि चर्चमध्येच झाली. त्या मुलाने मुंबईत प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांना शिकवले, आणि 1958 मध्ये मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यमेळात बसवल्या. रेइश मागूशचे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर लाहोरहून मुंबईला आले आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनचे ताफे त्यांनी लिहून काढले. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, ज्यांना मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखे, सी. रामचंद्रांबरोबर काम करत होते. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांचेही नाव त्याच रांगेतले. धोबीतलावच्या कुडांत, गावकऱ्यांनी चालवलेल्या त्या स्वस्त बिऱ्हाडांत, कितीतरी वादक ट्रंक आणि व्हायोलिनची पेटी घेऊन राहिले. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्याही तबकडीवर छापली गेली नाहीत. हिंदी चित्रपटसंगीताला कागद वाचू शकणारे वादक लागले तेव्हा ते एवढ्या संख्येने मिळाले ते गोव्याच्या चर्चमधून, आणि तेही संगीत महाविद्यालयांतून नव्हे, तर अशा एका-एका खोलीच्या वर्गांतून.

आता मुलांच्या कॉयरचे जे मर्म मला आपल्यापुढे ठेवायचे आहे, ते जर्मनीतल्या लायप्झिग शहराच्या उदाहरणाने सांगतो. तिथल्या सेंट थॉमस चर्चचा मुलांचा कॉयर 1212 पासून चालत आला आहे. थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख 1723 पासून 1750 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे गायनगुरू होते आणि ते नगर परिषदेचे नोकर होते. 23 ऑगस्ट 1730 रोजी बाख यांनी परिषदेला एक लेखी निवेदन दिले. चर्चचे संगीत नीट चालवायचे तर किती गायक आणि वादक लागतात याचा हिशेब त्यात आहे: प्रत्येक कॉयरला किमान 12 गायक हवेत, 16 असले तर उत्तम. गाण्याची पारख न करता शाळेत मुले भरली जातात आणि वादकांना पुरेसा पैसा दिला जात नाही, ही तक्रारही आहे. शेवटी त्यांनी हाताखालच्या मुलांची वर्गवारी दिली: 17 उपयोगाची, 20 अजून तयार न झालेली आणि 17 नालायक.

माझे लक्ष प्रत्येक वेळी त्या मधल्या आकड्यावर जाते. अजून तयार न झालेली ती 20 मुले म्हणजे पुढच्या काही वर्षांचा कॉयर. मुलाचा वरचा आवाज फार थोडा काळ टिकतो. सातव्या-आठव्या वर्षी वर्गात बसलेला मुलगा दहाव्या वर्षाच्या आसपास खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागतो, आणि तेरा-चौदाव्या वर्षी त्याचा आवाज फुटतो. या मधल्या वर्षांत तो स्वतः गातोच, शिवाय शेजारी उभ्या असलेल्या लहानग्याला नकळत शिकवतो. लहान मुले मेस्त्रेंकडून जितके शिकतात तितकेच वरच्या मुलाच्या खांद्याला खांदा लावून शिकतात. एखादे देऊळ पंचवीस वर्षे बंद राहिले तरी दार उघडून पूजा सुरू करता येते. मुलांचा कॉयर मात्र पाच वर्षे बंद ठेवला की ज्याच्या शेजारी उभे राहून शिकायचे तो मुलगाच उरत नाही, आणि सारे पुन्हा शून्यापासून मांडावे लागते. त्यामुळे ‘पैसे आले की पुन्हा सुरू करू’ हे आपले आश्वासन कितीही मनापासूनचे असले तरी पाळता येण्यासारखे नाही.

लायप्झिगचा कॉयर आजही गातो आहे, मधल्या काळातल्या साम्यवादी राजवटीतही गात राहिला, आणि त्याचा खर्च आजही शहर उचलते. मुलांना वसतिगृह आहे, शाळा आहे, गायनगुरूला पगार आहे. आपल्या गावाची ऐपत तेवढी नाही आणि कुणी तेवढे मागतही नाही. पण जिथे अशा परंपरा शतकानुशतके टिकल्या तिथे शिकवणाऱ्याच्या पगाराची सोय कुणीतरी डोके शांत ठेवून केलेली दिसते. नुसत्या अभिमानावर त्या टिकल्या नाहीत.

आता माझ्या तक्रारी.

पहिली पद्धतीविषयी. वर्गात येणाऱ्या मुलांच्या पालकांना आपण बैठकीआधी विचारले नाही. निर्णय झाल्यावर सूचनाफलकावर चार ओळींचा कागद लागला आणि मुले नेहमीप्रमाणे वह्या घेऊन आली तेव्हा दाराला कुलूप होते. एवढ्या जुन्या गोष्टीचा शेवट असा करायला नको होता.

दुसरी पैशांविषयी. फेस्ताच्या रात्री बाहेरून आणलेला बँड, ध्वनियंत्रणा, रोषणाई आणि फटाके यांवर जो खर्च होतो तो मेस्त्रेंना वर्षभरात मिळणाऱ्या मानधनापेक्षा जास्त आहे, हे आपल्याच वाचून दाखवलेल्या जमाखर्चावरून दिसते. फेस्त थाटात व्हावे, माझा त्याला विरोध नाही. पण पैसा नाही म्हणून वर्ग बंद, हे कारण त्या जमाखर्चापुढे टिकत नाही. शिवाय एवढ्या मानधनावर दुसरा मेस्त्रे मिळत नाही, हे खरेच आहे. पण मिळत नाही म्हणून जागाच रद्द करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. शाळेत संगीत शिकवून किंवा हॉटेलात वाजवून कितीतरी जास्त मिळत असताना कुणी तरुण चर्चच्या वर्गाकडे का वळेल, याचा विचार आपणच करायला हवा होता.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त लागली आहे. खोली रिकामी करताना तिथले स्वरलिप्यांचे कपाट कोठीघरात हलवले गेले, जिथे पावसाळ्यात भिंतीला ओल येते. त्या कपाटात काय आहे हे बहुधा आपल्याला कुणी सांगितले नसेल. ईस्टरपूर्वीच्या उपासकाळातल्या मिरवणुकांना गायची लॅटिन मोतेते (अनेक आवाजांतली धर्मगीते), फेस्ताच्या नोव्हेनांची (नऊ दिवसांच्या प्रार्थनांची) गाणी, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि मोठ्या रबेकांवचे (डबल बासचे) भाग, हे सगळे हाताने उतरवलेले आहे. काही रचना बाहेरून आलेल्या आहेत, पण कित्येक आपल्याच परिसरातल्या मेस्त्रेंनी केलेल्या आहेत आणि त्या कधी छापल्या गेल्या नाहीत. जी एक प्रत आहे ती त्या कपाटात. जुन्या शाईने काही पाने आधीच खाल्ली आहेत, काहींना कसर लागली आहे. दोन पावसाळे ती कोठीघरात राहिली तर त्यांतल्या काही रचना कायमच्या नष्ट होतील, आणि त्या गेल्या हे कळायलाही कुणी उरणार नाही.

चौथी त्या युक्तिवादाविषयी, जो बैठकीत झाल्याचे मी ऐकतो: लॅटिन गेले, आता कोंकणीत सगळे गातात, मग शिकवलेला कॉयर कशाला? मिस्सा लोकभाषेत आली हे चांगलेच झाले, आणि कोंकणी गीतांची जी संपत्ती त्यानंतर निर्माण झाली तिचा मला आदर आहे. पण ज्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने) ही वाट मोकळी केली, तिच्याच 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात पवित्र संगीताचा वारसा काळजीपूर्वक जतन करावा आणि कॉयरना प्रोत्साहन द्यावे असे म्हटले आहे, आणि गायकांच्या, विशेषतः मुलांच्या, शिक्षणाचा तिथे स्पष्ट उल्लेख आहे. मी आपल्या धर्माचा नाही, त्यामुळे आपल्याला आपले दस्तऐवज दाखवण्याचा अधिकार मला नाही. पण त्यांचा आधार घेऊन वर्ग बंद होत असेल तर ते पूर्ण वाचले जावेत एवढी विनंती मी करू शकतो. आणि कोंकणी गीतही तीन आवाजांत सुरेल गायचे तर ते शिकवावेच लागते.

मुले येत नाहीत, असेही म्हटले गेले. शेवटच्या दिवसापर्यंत वर्गात मुले होती. पूर्वीइतकी नव्हती, कारण शिकवण्या आहेत, फुटबॉल आहे, फोन आहेत, आणि कित्येक घरे पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडला गेली आहेत. पण मुलांची संख्या घटली तर वर्गाची वेळ बदलायची, शेजारच्या गावांतली मुले बोलवायची, मुलींना घ्यायचे. मुलींना या वर्गात बरोबरीची जागा फार पूर्वीच मिळायला हवी होती. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथीड्रलने 1991 मध्ये मुलींचा स्वतंत्र कॉयर काढला, तोच अभ्यास त्यांना दिला, आणि तिथला मुलांचा कॉयर त्यामुळे बंद पडला नाही. आपल्याकडे एकच वर्ग असल्याने दोघांनी एकत्र शिकावे, असे माझे मत आहे; परंपरा जपायची म्हणजे अर्ध्या गावाला दाराबाहेर ठेवायचे, असा तिचा अर्थ मी कधीच लावला नाही.

की-बोर्डविषयीही थोडे लिहितो, कारण त्याचा अनुभव मी मुंबईत घेतला आहे. नव्वदच्या दशकात स्टुडिओतले व्हायोलिनचे ताफे एकेक करून गेले आणि त्यांच्या जागी यंत्रातून निघणारा तंतुवाद्यांचा आवाज आला. त्यात आमची रोजी गेली, त्याबद्दल मी इथे बोलत नाही. पण ताफा गेल्यावर नव्या मुलांना ज्येष्ठांशेजारी बसून शिकण्याची जागाही गेली, आणि पुढे एखाद्या संगीतकाराला खरा ताफा हवासा वाटला तेव्हा तो जुळवणे अवघड झाले. यंत्र साथ देऊ शकते, पण दहा वर्षांच्या मुलाचा स्वर किंचित उतरला तर त्याच्याकडे पाहून तो वर आणण्याचे काम ते करत नाही.

माझ्या मागण्या अशा. मेस्त्रेंची जागा रद्द करण्याचा ठराव मागे घ्यावा आणि ती योग्य वेतनावर भरावी. वेतनाचा काही भाग फेस्ताच्या खर्चातून आणि काही परदेशी असलेल्या गावकऱ्यांच्या वर्गणीतून दरवर्षी वेगळा काढून ठेवावा, म्हणजे पुढच्या फाब्रिकावर त्याचा भार येणार नाही. खोली भाड्याने देऊ नये. निदान संध्याकाळी ती वर्गासाठी मोकळी असावी. कपाट आजच्या आज कोरड्या जागी हलवावे, त्यातल्या प्रत्येक पानाची छायाप्रत करावी, आणि एक संच चर्चकडे, एक धर्मप्रांताच्या अभिलेखागाराकडे आणि एक संगीताचा अभ्यास करणाऱ्यांना पाहता येईल अशा सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावा. ज्या कुटुंबांकडे आजोबा-पणजोबांच्या वह्या आहेत त्यांनीही त्या प्रतीसाठी द्याव्यात. मूळ वह्या त्यांच्याच घरी राहाव्यात. वर्ग मुलगे आणि मुली दोघांना, आणि सर्व धर्मांच्या घरांना, मी शिकलो तसा खुला असावा. आणि पुढे असा कोणताही निर्णय पालकांना विचारल्याशिवाय होऊ नये.

आईबापांना माझे वेगळे सांगणे आहे. वर्ग पुन्हा सुरू झाला तर मुलांना पाठवा, आणि पहिल्या वर्षी वाद्य हातात दिले नाही म्हणून काढून घेऊ नका. सोल्फेजचे ते वर्ष कंटाळवाणे असते, पण पुढचे सगळे त्याच्यावर उभे राहते.

नवा मेस्त्रे नेमेपर्यंत सोल्फेज आणि व्हायोलिन मी विनामोबदला शिकवायला तयार आहे. मात्र माझी ही तयारी जागा रिकामी ठेवण्याचे कारण होऊ नये, म्हणून ती मी सहा महिन्यांपुरतीच देतो. मिस्साच्या गायनाचे शिक्षण मला देता येणार नाही. ते काम त्या श्रद्धेतल्या माणसानेच करायला हवे.

उपासकाळाची मोतेते बसवायला मुलांना काही आठवडे लागतात. म्हणून राखेच्या बुधवारापूर्वी, म्हणजे उपासकाळ सुरू होण्यापूर्वी, पुरेसा अवकाश ठेवून आपण पालकांची आणि गावकऱ्यांची खुली बैठक बोलवावी आणि तिची तारीख येत्या रविवारी मिस्सानंतर जाहीर करावी, ही विनंती. बैठकीला मी येईन, आणि कपाटातील रचनांची जेवढी माहिती मला आहे तेवढी लिहून सोबत आणीन.

आपला नम्र,
देवळाच्या वाड्यावरचा एक व्हायोलिनवादक
सासष्टी, गोवा